मागाचा घट्टा

आमच्या कोष्ट्यांच्या गल्लीत मुलगी देताना मुलाचं पोट पाहायची रीत होती. भरलेलं आहे की नाही ते नव्हे, उघडं करून. खड्ड्याच्या मागावर बसलं की पाय खाली खड्ड्यात जातात आणि विणलेलं लुगडं ज्या आडव्या लाकडावर गुंडाळलं जातं, ते लाकूड बेंबीच्या वर दोन बोटं पोटाला टेकतं. दिवसभर वाकायचं, धोटा फेकायचा, फणी ठोकायची, आणि दर ठोक्याला लाकूड त्याच जागी लागायचं. पाच-सहा वर्षांत तिथे घट्टा पडतो. ज्याचा घट्टा जाड तो माणूस कामाचा.

मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा पोहे खाऊन झाल्यावर होणारे सासरे म्हणाले, "सदरा वर कर गा." मी केला. त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिलं, मान हलवली आणि लग्न ठरलं. दारामागून कुणीतरी फिसकन हसलं. ती गिरजा होती. मी मुलीचा चेहरा नीट पाहायच्या आधी मुलीने माझं पोट पाहून घेतलं, असं मी तिला पुढे कितीदा तरी चिडवलं.

या घट्ट्यानेच माझा घात केला. तो कसा, ते सांगायला मी हे लिहितो आहे. मी डॉक्टर नाही. सातवी पास झालेला विणकर आहे. गल्लीतल्या लोकांचे अर्ज आणि पत्रं लिहून हात थोडा वळलेला आहे, एवढंच. मी बरा झालेलो नाही आणि होणारही नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी काही चमत्कार होईल या आशेने कुणी वाचू नये. दिवसाला अर्धं पान लिहून होतं. मग बोटं थकतात.

*

छप्पन साली नागपूरची राजधानी गेली, त्याच दिवाळीनंतर माझी ताकद गेली. लोक पहिल्या गोष्टीबद्दल जास्त हळहळले. ते बरोबरच होतं, कारण माझं मलाही काही वाटलं नव्हतं. मागावर बसलं की पायाखालच्या फळ्या जड लागायच्या. सकाळी एक हात विणायचो आणि धापा टाकायचो. बाबा शेजारच्या मागावरून ओरडायचे, "झोपला काय गा? धोट्याले गंज लागीन!"

मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं. आमच्या घरचा रविवारचा मटणाचा रस्सा म्हणजे डोळ्यांतून पाणी काढणारा. त्याचा पहिला घास घेतला आणि मी ताट सारलं. ताट सारणारा माणूस आमच्या घरात तोवर जन्मला नव्हता. गिरजाने विचारलं, "काहून? तिखट झालं काय?" मी म्हणालो, "तिखट काय होते, तुहा हातच गोड झाला." ती हसली नाही. तिने माझ्या मांडीवरचे निळे डाग पाहिले होते. कुठे लागलं म्हणून तिने विचारलं, पण कुठेच लागलेलं नव्हतं.

वैद्यांनी उष्णता सांगितली. गुलकंद झाला, दुर्वांचा रस झाला. महिनाभर मी तो हिरवा रस पीत राहिलो आणि पाठीची हाडं ठणकत राहिली. एका सकाळी मागावर डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्धीवर आलो तेव्हा बाबा मला काखेत हात घालून खड्ड्यातून वर ओढत होते आणि म्हणत होते, "अरे, ताना तुटला ना गा, ताना तुटला." मुलगा पडला याचं भान त्यांना नंतर आलं. मी हे रागाने लिहीत नाही. घाबरलेल्या माणसाच्या तोंडात जे रोजचं असतं तेच येतं.

*

मोठ्या सरकारी दवाखान्यात मला बाराव्या खाटेवर घेतलं. अकराव्यावर खापा गावचे झिबलजी होते, तेही विणकर, दम्याने बेजार. वीस वर्षं सुताची धूळ खाल्लेली छाती. दोन शब्द बोलले की तिसऱ्याला थांबायचे, पण चौथा शब्द नेहमी चेष्टेचा असायचा.

पहिल्या दिवशी एका तरुण डॉक्टरने मला तपासलं. बारीक अंगाचा, चष्मेवाला, बोलायला मऊ. त्याने मान चाचपली, काखा चाचपल्या, जांघा चाचपल्या. "कुठे गाठ आलीय का? नीट आठवून सांगा." मी म्हणालो, नाही. मग त्याचा हात पोटावर आला आणि तिथे थांबला. "हे काय आहे?"

तेव्हा बाबा हसले. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच हसले. "ते काई नाई, साहेब. मागाचा घट्टा होय थो. आमच्या साऱ्यायले असते." आणि त्यांनी स्वतःची बंडी वर केली. साठीचं पोट, आत गेलेलं, आणि त्यावर तो काळा जाड पट्टा. शेजारून झिबलजी म्हणाले, "थांबा साहेब, खाप्याचा माल... पाहून घ्या," आणि त्यांनीही सदरा उचलला. डॉक्टर दोघांच्या पोटाकडे पाहून हसू लागला. त्याने बाबांचा घट्टा एका बोटाने दाबल्यासारखा केला, नवल वाटल्यासारखी मान हलवली आणि कागदावर त्याबद्दल काहीच लिहिलं नाही. सगळ्यांत जास्त मी हसलो. हिरडीतून रक्त आलं इतका.

त्या दिवशी तीन विणकरांनी मिळून एका शहाण्या डॉक्टरला खात्रीने चुकीची वाट दाखवली. कुणी खोटं बोललं नाही. बाबांना तर अभिमान वाटत होता. मी हे सगळं पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे आणतो आणि कुठे तरी एकाने गप्प बसावं असं मनात म्हणतो. कुणी बसत नाही.

*

छातीच्या मधल्या हाडात जाड सुई घालून त्यांनी आतली मज्जा काढली. दुखलं. त्याहून जास्त त्या करकर आवाजाची भीती वाटली. चार दिवसांनी मोठे डॉक्टर आले आणि बाबांना व्हरांड्यात घेऊन गेले. मला खिडकीतून बाबांची पाठ दिसत होती. ती पाठ आधी ताठ होती. मग त्यांनी खांब धरला.

आत येऊन ते म्हणाले, "काई नाई, पोट्ट्या. रक्त कमी हाय. भरून येईन."

लग्न झाल्यापासून बाबांनी मला लहानपणासारखं पोट्ट्या म्हटलं नव्हतं. तेवढ्यावरून मला कळलं. दुसऱ्या दिवशी मी तरुण डॉक्टरला धरलं. म्हणालो, "साहेब, मी लोकांचे अर्ज लिहितो. कोणती गोष्ट लपवलेली आहे ते मला वाचता येतं." तो खाटेच्या कडेवर बसला, जे डॉक्टर करत नाहीत. म्हणाला, "रक्ताचा कॅन्सर आहे. मज्जेत कच्च्या पेशी भरल्यात. औषधं देऊ. रक्त देऊ. काही महिने..." मला एकदम भूक लागली. खूप भूक. असं का व्हावं मला समजत नाही, पण ज्यांना हा दिवस येईल त्यांनी घाबरू नये. तेव्हा अंग काहीही करतं.

मी गिरजाला सांगितलं नाही. बाबांनी मला सांगितलं नव्हतं. तिला शेजारणीने आधीच सांगितलं होतं आणि ती दोघांनाही कळू देत नव्हती. तीन माणसं एकाच गोष्टीवर पांघरूण घालून तिच्याभोवती बसली होती. रोज डब्यातला मऊ भात, रोज "आज तोंडावर तेज हाय" हे वाक्य. त्या नाटकाने आम्ही जितके थकलो तितकं आजाराने थकवलं नसेल. कुणाच्या घरी असं चाललं असेल तर माझं ऐका आणि बोलून टाका. रडू येतं, पण निदान एकत्र येतं.

*

दवाखान्याचा दिवस लवकर सुरू होतो. फटफटायच्या आत काखेत थर्मामीटर, मग बोट टोचून रक्त, मग फिनेलचा वास, मग पातळ चहा, मग राउंड. मोठे डॉक्टर पुढे आणि मागे सारी वरात. माझ्या खाटेशी ते इंग्रजीत बोलायचे आणि जाताना खांद्यावर थाप द्यायचे. ज्या दिवशी थाप मिळायची नाही त्या दिवशी मी दुपारचं जेवत नसे.

रक्त चढवायचं तर कुणीतरी द्यायला हवं. आमचे नातेवाईक म्हणजे लग्नाच्या पंगतीला दोनशे. रक्त म्हटल्यावर कुणाला अशक्तपणा आठवला, कुणाला गावची शेती. बाबांनी दिलं. पुन्हा द्यायला गेले तर या वयात परत नको म्हणून त्यांना माघारी पाठवलं. मग गिरजाने दिलं. बाटली टांगलेली असायची आणि ती स्टुलावर बसून त्या नळीकडे पाहत राहायची. मी म्हणालो, "आता तं मी तुह्या माहेरचा झालो." यावर ती हसली. त्या दवाखान्यात मला ती हसलेली तेवढीच आठवते.

संत्र्यांचे दिवस होते. हिरड्या सोलवटलेल्या, त्यामुळे रस तोंडात धरवत नसे. गिरजा संत्रं सोलायची आणि साल माझ्या नाकापुढे दुमडायची. वासाचा एक बारीक फवारा यायचा. फोडी झिबलजींना. ते म्हणायचे, "वास तुले, फोडी मले. असा वाटा... देवानं साऱ्यायले द्यावा." मी सुखाचे क्षण शोधायला बसलो तर एवढंच सापडतं, पण ते खरं होतं म्हणून लिहिलं.

*

दवाखान्यात अडीच महिने झाले होते. गिरजा माझं अंग ओल्या फडक्याने पुसत होती. पोटाशी तिचा हात थांबला.

"ऐकता काय," ती हळू म्हणाली, "हा घट्टा काहून वाढून राहिला?"

"वाढते कसा? अंग वाळलं म्हनून दिसते."

"नाई. माह्या बाबाचा सुताच्या कंट्रोलात गेल्ता. चार महिने सूत भेटे ना, माग बंद होते, तं कांद्यावानी पापुद्रे निघाले अन् पोट मऊ झालं. तुम्ही अडीच महिने झाले मागावर बसले नाई. डाव्या अंगाले तं लिंबाएवढा झाला."

मला राग आला. आजही तो राग आठवला की स्वतःची किळस येते. मी म्हणालो, "तुह्या बापानं दाबून पाहिला थो पुरे झाला. आता तू डॉक्टर झाली काय? गप बस. कोनाले सांगशीन तं माही शपथ हाय."

तिने फडकं पिळलं आणि माझे पाय पुसायला घेतले.

मी असं का केलं? या कागदावर तरी खरं लिहितो. माझ्या दंडाचं मांस गेलं होतं, मांड्यांचं गेलं होतं, आरशात माझा चेहरा माझ्या मेलेल्या आजोबांसारखा दिसत होता. सगळ्या अंगात एक घट्टाच काय तो जाड राहिला होता. एकटा असलो की मी त्यावर हात ठेवायचो. वाटायचं, माग मला विसरला नाही, मी परत जाईन आणि बसेन. मी ज्याला धीर समजून कुरवाळत होतो तेच मला खात होतं. आणि गिरजाचं म्हणणं बरोबर आहे हे मला त्याच क्षणी समजलं होतं, म्हणूनच शपथ घातली.

याआधीही एकदा तिने सांगितलं होतं. दुखणं सुरू व्हायच्या वर्षभर आधी, पोळ्याच्या सुमारास, पोटाला तेल लावताना ती म्हणाली होती की घट्ट्याच्या एका टोकाला सुपारीसारखं लागतं. मी म्हणालो होतो, "कामाचा नवरा भेटला तुले, देवाचे आभार मान." दोघंही हसलो होतो.

*

अठरा दिवस तिने शपथ पाळली. एकोणिसाव्या दिवशी राउंडच्या वेळी बाबा खाटेच्या पायथ्याशी उभे होते. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर परक्या पुरुषाशी बोलत नाही, डोक्यावरचा पदर डोळ्यांपर्यंत असतो. मोठे डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले आणि ती मध्ये आली.

"साहेब, यायचा घट्टा पाहा. मागावर न बसता वाढून राहिला."

बाबा कडाडले, "सूनबाई!"

ती हटली नाही. "मामाजी, मले मागून मारा. साहेब, आधी पाहा."

मोठे डॉक्टर थांबले. तरुण डॉक्टर पुढे झाला. त्याने माझ्या पोटावर अंगठा ठेवला. मग बाबांना जवळ बोलावलं आणि बंडी वर करायला सांगितलं. या वेळी कुणी हसलं नाही. एक हात बाबांच्या पोटावर, एक माझ्या. बाबांचा घट्टा कातडीबरोबर इकडेतिकडे सरकत होता. माझी कातडी सरकत होती, पण तिच्याखालचं ते जागचं हलत नव्हतं. ते आत, मांसात, रुतून बसलं होतं. मी डॉक्टरच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चष्मा काढून तो पुसायला लागला आणि पुसतच राहिला. तो पोरगा डॉक्टर मला त्या क्षणी फार आपला वाटला. चूक त्याचीही होती आणि त्याला ती दिसली होती.

झिबलजी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत स्वतःचं पोट दाबत होते. शेवटी म्हणाले, "माहा हालते गा. म्या... चार खेप पाहिला." मी त्यांना शिवी दिली. मग दोघं मिळून हसलो आणि दोघांनाही खोकला आला.

*

गाठीचा तुकडा कापून मुंबईला पाठवला. तीन आठवड्यांनी कागद आला. तरुण डॉक्टरने समजावून सांगितलं. हा रक्ताचा कॅन्सर नव्हताच. हा मांसाचा. फार क्वचित होणारा. पोटाच्या स्नायूत उगवला आणि त्याच्या पेशी रक्तावाटे हाडांच्या मज्जेत जाऊन बसल्या. भिंगाखाली त्या रक्ताच्या कच्च्या पेशींसारख्याच दिसतात, भलेभले फसतात. आम्ही भाडेकरूला घरमालक समजून बसलो होतो.

"मग आता?" मी विचारलं.

तो बोलायच्या आधीच बाबा वळून चालू लागले होते. त्यांनी एवढंच ऐकलं होतं की रक्ताचा नाही. तासाभराने ते इतवारीतून पेढ्यांचा पुडा घेऊन आले. साऱ्या वॉर्डात वाटले. सिस्टरला दिला, झाडूवालीला दिला, झिबलजींच्या तोंडात स्वतःच्या हाताने भरवला. "रक्ताचा नाई म्हन्ते! मुंबईच्या साहेबायनं लिहून देल्लं!" तेवढ्यात मोठे डॉक्टर आले. बाबांनी त्यांच्यापुढेही पेढा धरला. "साहेब, तोंड गोड करा."

मोठ्या डॉक्टरांनी पेढा घेतला. तळहातावर ठेवून त्याकडे पाहिलं आणि कोटाच्या खिशात टाकला. बाबांच्या पाठीवर हात ठेवून ते निघून गेले. त्या माणसाला मी तोवर गर्विष्ठ समजत होतो.

बाबा पेढे आणायला गेले तेव्हा तरुण डॉक्टरने मला उरलेलं सांगितलं होतं; बाबांना सांगायचं काम माझ्यावर आलं. मी म्हणालो, "बाबा, बसा." ते बसले, पुडा मांडीवर. मी म्हणालो, "रक्ताचा नाई हे खरं हाय. पन जो हाय थो हाडांत गेला. आता कापून निघत नाई. सुपारीएवढा होता तवा निघाला असता."

बाबा पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "म्या बंडी वर केली ना गा."

मी नाही म्हणायला हवं होतं. माझ्याच्याने ते झालं नाही, आणि या सगळ्या आजारपणात मला त्याचाच जास्त पश्चात्ताप आहे.

*

मुंबईला किरणांचा उपचार होतो, पण मोठे डॉक्टर म्हणाले की प्रवासच झेपणार नाही. ऐन उन्हाळ्यात मला घरी आणलं. खाट बाबांच्या मागाशेजारी टाकली. दाराला वाळ्याच्या ओल्या ताट्या. माझा माग रिकामा, खड्ड्यावर फळी टाकलेली.

बाबा आणि गिरजा एकमेकांशी बोलत नव्हते. ते तिच्या हातचं पाणी घेत नसत, उठून स्वतः घ्यायचे. मला वाटलं, चारचौघांत बोलली म्हणून राग. तसं नव्हतं. तिच्याकडे पाहायची त्यांना लाज वाटत होती. तिकडे गिरजा त्या अठरा दिवसांनी पोखरली होती. मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता तिचा चरखा थांबायचा आणि ती म्हणायची, "म्या शपथ मानायले नव्हती पाहिजे." मी तरुण डॉक्टरकडून वदवून घेतलं होतं की अठरा दिवसांनी काही फरक पडला नसता. तो खरं बोलला की दयेने, कोण जाणे. मी तिला रोज तेच सांगतो. ती रोज मान हलवते आणि विश्वास ठेवत नाही. शपथ मी घातली, शिक्षा ती भोगते आहे.

मग एका दुपारी बाबांनी माग थांबवला. मान वर न करता म्हणाले, "सूनबाई, तुह्या बाबाचा घट्टा किती दिवसांत गेल्ता म्हन्तलं तू?"

गिरजाने पदर सावरला. "चार महिने लागले, मामाजी. पन मऊ तं महिन्यातच पडला होता."

"हं," बाबा म्हणाले. "पानी दे वं."

त्या संध्याकाळपासून बाबा घरोघर जायला लागले. गोळीबार चौकापासून तांडापेठेपर्यंत ज्या ज्या घरात माग आहे तिथे जातात आणि म्हणतात, "सदरा वर कर गा." अंगठ्याने दाबतात, कातडीबरोबर सरकतो का पाहतात. लोक सुरुवातीला हसले. एकाने तोंडावर सुनावलं, "बैल गेला अन् झोपा केला, काकाजी." बाबा त्याला म्हणाले, "हाव. तुहा बैल अजून हाय. सदरा वर कर." एका माणसाची गाठ सरकली नाही. बाबांनी त्याला हाताला धरून दवाखान्यात नेलं. साधी चरबीची निघाली. तो उगाच कापून घेतलं म्हणून बाबांशी भांडला आणि बाबा भांडण ऐकता ऐकता रडले.

ज्यांच्यासाठी मी लिहितो आहे त्यांना माझं सांगणं एवढंच. माग बंद असताना घट्टा मऊ व्हायला हवा. झाला नाही, वाढला, किंवा आत रुतल्यासारखा वाटला, तर डॉक्टरला दाखवा आणि "मागाचा होय" असं तुम्ही म्हणू नका. त्यालाच ठरवू द्या. विणकरच कशाला, ज्या कामाने अंगावर जी खूण दिली असेल तिचा अभिमान धरा, पण तिच्यावर भरवसा ठेवू नका. आणि घरची बाई काही म्हणाली तर तिला शपथ घालू नका.

आता पेन्सिल धरवत नाही. उरलेलं एवढंसं लिहायला दोन दिवस लागले.

दिवेलागणीला बाबा फेरी करून येतात. हातपाय धुतात. माझ्या खाटेवर बसतात आणि चादर बाजूला करून, कापल्याच्या खुणेशेजारी, अंगठा ठेवतात. गाठ आता दोन मुठींएवढी आहे. दगड हलेल, ती हलत नाही. साऱ्या पेठेत त्यांच्याइतकं हे कुणाला कळत नाही. दुसऱ्यांच्या घरी ते एका दाबात खरं काय ते सांगतात.

"हालून राहिला गा," बाबा म्हणतात. "कालच्यापेक्षा आज जास्त हालून राहिला."

गिरजाचा चरखा थांबतो.

"हाव, बाबा," मी म्हणतो. "मलेही तसंच वाटून राहिलं."

चरखा पुन्हा सुरू होतो. बाबा अंगठा न काढता बसून राहतात.